विश्लेषण : मेंडोलिनच्या चार तारांवर जॅझचे कॉर्ड कसे निवडतात?

३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. युनेस्कोने २०११ मध्ये तशी घोषणा केली. हे संगीत आता मोबाइलवर कुठेही ऐकता येते. बीड, अंबाजोगाई किंवा परळीत बसलेल्या वादकालाही गाजलेल्या जॅझ गाण्यांची चाल आणि त्यावरचे कॉर्ड काही क्षणांत मिळतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. तक्त्यात लिहिलेले कॉर्ड मेंडोलिनवर जसेच्या तसे वाजवायला गेले, तर अनेकदा बोटेच बसत नाहीत. बसली तरी चाल झाकली जाते. शिकणारा मग वाद्याला किंवा स्वतःच्या कानाला दोष देतो. प्रत्यक्षात त्या कॉर्डमधले कोणते स्वर ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. ही निवड नेमकी कशी होते, याचा आढावा.

जॅझ स्टँडर्ड म्हणजे काय?

जॅझ वादकांच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा वाजवून आपलीशी केलेली गाणी म्हणजे ‘स्टँडर्ड’. त्यातील बरीचशी १९२० ते १९५० या काळात अमेरिकेतील संगीत नाटके आणि चित्रपटांसाठी तयार झाली. जेरोम कर्न यांचे ‘ऑल द थिंग्ज यू आर’ १९३९ च्या नाटकातले, तर जॉर्ज गर्श्विन यांचे ‘आय गॉट रिदम’ १९३० चे. ‘ऑटम लीव्ह्ज’ची चाल जोसेफ कोस्मा यांची, आणि हे गाणे मूळ फ्रेंच. अशा अनेक गाण्यांचा साचा ३२ बारचा असतो. एक बार चार मात्रांचा धरला तर एक आवर्तन १२८ मात्रांचे होते. आधी चाल वाजवायची, मग त्याच कॉर्डच्या क्रमावर प्रत्येकाने आपापला विस्तार करायचा आणि शेवटी पुन्हा चालीवर यायचे, ही त्याची रीत.

इथे कॉर्डचा क्रम इतका महत्त्वाचा असतो, की जुना क्रम तसाच ठेवून त्यावर नवी चाल बांधण्याची परंपराच आहे. सॉनी रोलिन्स यांची १९५४ ची ‘ओलिओ’ ही रचना ‘आय गॉट रिदम’च्या कॉर्डवर उभी आहे. भजनात एकाच चालीवर वेगवेगळे अभंग म्हटले जातात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे कायम राहतो तो कॉर्डचा क्रम, आणि चाल बदलते.

पेटीच्या साथीपेक्षा हे वेगळे कसे?

बीड जिल्ह्यात कीर्तन-भजनाची परंपरा दाट आहे. तिथला कान पेटी, वीणा, टाळ आणि पखवाजावर तयार होतो. वीणेचा सूर अखंड चालू असतो आणि पेटी गायकाच्या मागे चाल धरून जाते. आधारस्वर एकच असतो आणि प्रत्येक स्वराचे नाते त्या ‘सा’शी जोडलेले असते. जॅझमध्ये आधार स्थिर नसतो, तो दर एक-दोन बारला सरकतो. त्यामुळे चालीतला एकच स्वर आत्ता घरचा वाटतो, तर पुढच्या बारमध्ये ताणलेला वाटतो. चाल न बदलता तिच्याखालची जमीन बदलणे, हे कॉर्डचे काम.

पेटी वाजवणाऱ्याला हे सरगमच्या भाषेत चटकन कळू शकते. पांढरी एक, म्हणजे सी, हा ‘सा’ धरला तर जॅझमध्ये सर्वाधिक आढळणारा तीन कॉर्डचा क्रम असा होतो : डी मायनर सेव्हन म्हणजे रे-म-ध-सा, जी सेव्हन म्हणजे प-नि-रे-म, आणि सी मेजर सेव्हन म्हणजे सा-ग-प-नि. सगळे स्वर शुद्ध आहेत. पहिला कॉर्ड निघण्याची तयारी करतो, दुसरा ताण वाढवतो आणि तिसरा घरी पोहोचवतो. पाश्चात्त्य परिभाषेत याला ‘टू-फाइव्ह-वन’ म्हणतात, कारण या कॉर्डचे मूळ स्वर सप्तकातील दुसरा, पाचवा आणि पहिला असतात.

महाराष्ट्राशी या संगीताचे नाते काय?

नाते जुने आहे. लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. त्यानंतर शहरातील बँडमध्ये गोव्याचे वादक मोठ्या संख्येने दिसू लागले. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जात असे, त्यामुळे लिहिलेले संगीत वाचणे त्यांना अवघड नव्हते. हेच वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र आणि गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी एकत्र काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’त तर चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंद लिहिला. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे मूळ गोव्यातील माजोर्ड्याचे.

मेंडोलिनही या वर्तुळात होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्यापूर्वी मेंडोलिनवादक म्हणून ओळखले जात. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी तर याच वाद्यावर रागसंगीत वाजवले. पण चालीखाली कोणता कॉर्ड घ्यायचा, हा निर्णय बहुधा अरेंजर घेत असे, आणि रेकॉर्डवर त्याचे नाव क्वचितच येई. ही निवड कशी करायची याचे ज्ञान ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, एकाकडून दुसऱ्याकडे तोंडी जात राहिले. मराठीत ते पुस्तकरूपाने फारसे आले नाही. त्यामुळे मोठ्या शहराबाहेरच्या शिकणाऱ्यापुढे आज उरतात ते दोनच पर्याय : कीबोर्डमधील तयार साथ किंवा मोबाइलवरचा तक्ता.

छापील किंवा मोबाइलवरचे कॉर्ड अंतिम का नसतात?

कारण तो कुणा एकाने केलेला पर्याय असतो. जॅझ वादकांत सर्वाधिक वापरले गेलेले ‘द रिअल बुक’ १९७० च्या दशकात बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रणे ऐकून तयार केले. स्वामित्वहक्काची परवानगी न घेता ते हातोहात विकले जाई. त्यात चुका होत्या. पण पुस्तक इतके पसरले, की काही गाण्यांत त्या चुकाच रूढ झाल्या. परवाना घेऊन काढलेली अधिकृत आवृत्ती २००४ मध्ये आली.

दुसरे कारण असे, की हे तक्ते साधारणपणे पियानो, गिटार आणि बास असलेल्या बँडसाठी असतात. पियानोवर दहा बोटे आहेत, गिटारला सहा तारा आहेत. ‘जी थर्टीन फ्लॅट नाइन’ असे लिहिलेले असते तेव्हा ते सगळे स्वर एकाच वादकाने वाजवावेत, अशी अपेक्षाच नसते. तक्ता सांगतो ते गाणे या ठिकाणी कुठे निघाले आहे. तिथे कसे पोहोचायचे हे वादकाने ठरवायचे असते.

मेंडोलिनच्या मर्यादा कोणत्या?

मेंडोलिनला आठ तारा असतात, पण त्या दोन-दोनच्या जोडीने एकाच स्वरात लावतात. म्हणजे एका वेळी वेगळे स्वर मिळतात ते फार तर चार. तारा व्हायोलिनप्रमाणे जी, डी, ए, ई अशा लागतात. पांढरी एक ‘सा’ धरल्यास मंद्र प, मध्य रे, मध्य ध आणि तार ग. सर्वांत खालचा स्वर मंद्र पंचम असल्याने बासचे काम या वाद्याकडून होत नाही. शिवाय तार छेडल्यावर आवाज लगेच विरतो. लांब स्वर टिकवायचा तर पिक सतत खाली-वर फिरवावा लागतो. संथ गाण्यात एक कॉर्ड दोन बार धरून ठेवणे पियानोला जमते, मेंडोलिनवर तिथे पोकळी पडते.

याच रचनेचा एक फायदाही आहे. शेजारच्या दोन तारांत पाच स्वरांचे, म्हणजे सा ते प इतके अंतर असते. जॅझमधील कॉर्डचे मूळ स्वर बहुतेक वेळा याच अंतराने खाली उतरत जातात. म्हणून तोच पडदा ठेवून एक तार जाडीकडे सरकले, की पुढचा मूळ स्वर मिळतो. ‘ऑटम लीव्ह्ज’ ई मायनरमध्ये वाजवले तर सुरुवातीच्या तीन कॉर्डचे मूळ स्वर ए, डी, जी असे येतात. मेंडोलिनच्या या तीन मोकळ्या तारा आहेत, आणि त्याही ओळीने. बोटांना हा क्रम पाठ करावा लागत नाही, तो वाद्यातच आहे.

मग कोणते स्वर ठेवायचे आणि कोणते सोडायचे?

जॅझ शिकवणारे बहुतेक जण एक नियम सांगतात : कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर ठेवा. कॉर्ड मेजर की मायनर हे तिसऱ्या स्वरावरून कळते. तो स्थिर आहे की पुढे ओढतो आहे, हे सातव्यावरून. मूळ स्वर बासकडे सोपवता येतो. पाचवा स्वर सहसा नवे काही सांगत नाही, म्हणून सर्वांत आधी तोच गळतो.

हे हातात घेऊन पाहता येते. रे-म-ध-सा या कॉर्डमधील तिसरा स्वर म आणि सातवा सा. जी तारेच्या पाचव्या पडद्यावर सा आणि डी तारेच्या तिसऱ्या पडद्यावर म मिळतो. पुढचा कॉर्ड प-नि-रे-म. त्यातले नि आणि म हवेत. म आहे तिथेच राहतो, जी तारेवरचे बोट फक्त एक पडदा मागे येऊन नि वर जाते. तिसरा कॉर्ड सा-ग-प-नि. आता नि जागेवर राहतो आणि डी तारेवरचे बोट एक पडदा मागे येऊन ग वर जाते. म्हणजे ५-३, मग ४-३, मग ४-२. तीन कॉर्ड झाले आणि प्रत्येक वेळी एकच बोट एक पडदा सरकले.

यात ए तारेच्या पाचव्या पडद्यावरचा रे जोडला आणि तिन्ही वेळा तसाच ठेवला, तर ५-३-५, ४-३-५, ४-२-५ असे तीन स्वरांचे कॉर्ड होतात. तोच रे पहिल्या कॉर्डचा मूळ स्वर, दुसऱ्याचा पाचवा आणि तिसऱ्याचा नववा ठरतो. एकही मोकळी तार न वापरल्याने हाच आकार वर-खाली सरकवून कोणत्याही पट्टीत नेता येतो. याचा उपयोग मोठा आहे, कारण ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांना काळी पाच, काळी दोन यांसारख्या पट्ट्या सोयीच्या पडतात आणि अनेक स्टँडर्ड त्याच पट्ट्यांत रूढ आहेत.

कमी स्वरांत वाजवणे ही तडजोड नव्हे. काउंट बेसी यांच्या बँडमध्ये १९३७ पासून गिटार वाजवणारे फ्रेडी ग्रीन सहा तारांचे वाद्य हाती असूनही अनेकदा दोन-तीन, कधी एकच स्वर वाजवत. संपूर्ण बँडची लय त्यावर चाले. मेंडोलिनवर जॅझ रुजवणारे अमेरिकी वादक जेथ्रो बर्न्स (१९२०-१९८९) यांच्या वादनातही चाल वरच्या तारेवर आणि मोजके स्वर खाली, अशी मांडणी ऐकू येते.

चाल आणि कॉर्ड यांत भांडण झाले तर?

अशा वेळी चालीचे ऐकायचे. मेंडोलिनवर चाल आणि कॉर्ड एकट्यानेच वाजवायचे असतील, तर चालीचा स्वर सर्वांत वरच्या तारेवर ठेवून खालचे स्वर त्याप्रमाणे निवडावे लागतात. याचे नेहमी भेटणारे उदाहरण म्हणजे गाण्याचा शेवट. चाल सा वर येऊन थांबते आणि तक्त्यात सी मेजर सेव्हन लिहिलेले असते. त्या कॉर्डमध्ये नि आहे. खाली नि आणि वर सा एकाच वेळी वाजले, की शेवट टोचतो. जाणकार वादक तिथे नि काढून ध घेतात. जी तारेवर दुसरा पडदा, डी तारेवर दुसरा, ए तारेवर तिसरा, म्हणजे ध-ग-सा. तक्त्याच्या भाषेत हा ‘सी सिक्स्थ’ झाला. लिहिलेल्या कॉर्डपासून फारकत घेतलेली नाही, पण गाणे शांतपणे घरी पोहोचले.

म्हणून तक्ता वाचण्यापूर्वी चाल पाठ हवी, असा आग्रह धरला जातो. चालीतला लांब स्वर कोणता, तो कोणत्या मात्रेवर पडतो, हे माहीत नसेल तर कॉर्ड चूक की बरोबर, हे ठरवण्याचे साधनच उरत नाही.

बदली कॉर्ड केव्हा घ्यावा?

जॅझ वादक लिहिलेल्या कॉर्डऐवजी दुसरा कॉर्ड घेतात, त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘ट्रायटोन सबस्टिट्यूशन’. नाव अवघड असले तरी कल्पना सोपी आहे. जी सेव्हनचे महत्त्वाचे स्वर नि आणि म. हेच दोन स्वर डी फ्लॅट सेव्हनमध्येही येतात. त्याचे स्वर कोमल रे, म, कोमल ध आणि नि. दोघांचा गाभा सारखा असल्याने एकाच्या जागी दुसरा चालतो. मग मूळ स्वर रे, प, सा असे उड्या मारत न जाता रे, कोमल रे, सा असे पायरीने उतरतात.

मेंडोलिनवर ५-३-५, मग ४-३-४ आणि शेवटी २-२-३ वाजवले, तर हा उतार ए तारेवर स्पष्ट ऐकू येतो. कोमल रे, म, कोमल ध, नि आणि त्यानंतर सा, ग, प हे सगळे स्वर भैरवातही आहेत, त्यामुळे भजनाच्या कानाला हे वळण फार परके वाटू नये. अर्थात यामुळे जॅझचा भैरव होत नाही. रागाची चलन, न्यास ही शिस्त इथे नसते.

सावधगिरी तीच : त्या क्षणी चाल कोणत्या स्वरावर आहे? चालीत शुद्ध रे लांब धरलेला असेल आणि खाली कोमल रे आला, तर दोन्ही एकमेकांवर आदळतात. तिथे जी सेव्हनच ठेवलेला बरा. प्रत्येक ठिकाणी बदली कॉर्ड घेतला तर घराची ओढच संपते. ३२ बारमध्ये असा एखाद-दुसरा बदल पुरतो.

साथीला कोण आहे, याने फरक पडतो का?

खूप पडतो. छोट्या शहरात बास आणि ड्रम्स वाजवणारे मिळतीलच असे नाही. मेंडोलिन, पेटी आणि तबला किंवा ढोलक, एवढ्याच सामग्रीवर बसावे लागते. अशा वेळी निवड बदलते.

पहिली गोष्ट, बास नसेल तर अधूनमधून मूळ स्वर मेंडोलिननेच द्यायचा. जी सेव्हनला मोकळी जी तार, डी तारेवर तिसरा पडदा आणि ए तारेवर दुसरा, म्हणजे प-म-नि, हा भरीव आकार आहे. पेटी असेल तर तिच्या डाव्या बाजूचा एकेक सूर धरून बासचे काम भागवता येते. मग मेंडोलिनने तो स्वर पुन्हा वाजवू नये.

दुसरी गोष्ट, तानपुऱ्याचे ॲप बंद ठेवायचे. सा-प अखंड वाजत राहिला तर सरकणारे कॉर्ड त्याच्याशी भांडतात. कोमल रे वरचा बदली कॉर्ड तर ऐकवत नाही. तबल्याबाबतही हेच. दायाँ सा मध्ये लावलेला असेल तर जी सेव्हनच्या नि शेजारी त्याची आस घुमते. वर सांगितलेल्या क्रमात तो पंचमात लावल्यास त्रास कमी होतो, कारण प हा जी सेव्हनचा मूळ स्वर आणि सी मेजर सेव्हनचा पाचवा आहे.

तिसरी गोष्ट गतीची. जलद गाण्यात प्रत्येक लिहिलेला कॉर्ड वाजवण्याची गरज नसते. दोन मात्रांपुरता आलेला कॉर्ड वगळून त्याच्या पुढचा धरला तरी गाणे सुटत नाही. संथ गाण्यात उलट करावे लागते. मेंडोलिनचा आवाज लवकर विरत असल्याने एका लांब कॉर्डचे दोन भाग करून मध्ये जवळचा स्वर घेतला, की पोकळी भरते.

सुरुवात कोठून करावी?

‘ऑटम लीव्ह्ज’ अनेक शिक्षक पहिल्यांदा देतात, कारण त्यात टू-फाइव्ह-वन हा क्रम एकदा मेजरमध्ये आणि लगेच मायनरमध्ये येतो. आधी चाल गाऊन पाठ करावी. मग फक्त मूळ स्वर वाजवत चाल गुणगुणावी. त्यानंतर फक्त तिसरा आणि सातवा स्वर. तिसरी तार सर्वांत शेवटी. त्याच गाण्याची दोन-तीन ध्वनिमुद्रणे ऐकून कुणी कुठे कॉर्ड बदलला, याची नोंद वहीत ठेवली, तर तक्ता हा एकमेव पुरावा राहत नाही. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ मात्र नंतरसाठी ठेवावे. ते एकाच आवर्तनात अनेक पट्ट्यांतून फिरते.

यासाठी महागडे वाद्य किंवा महानगरातील वर्ग असलाच पाहिजे असे नाही. ज्याला पेटीवर सरगम कळते, त्याच्याकडे या निवडीसाठी लागणारा कान अर्धा तयार आहे. उरलेला अर्धा म्हणजे आधार सरकताना तो ऐकण्याची सवय. एका वेळी दोन तारा वाजवून ती लावता येते. तक्त्यातील बाकीचे स्वर कान मागेल तेव्हा जोडता येतात.